एका मापाचे पाय

माझ्या बॅगेचं वजन आमच्या ह्यांनी सतरा वेळा केलं. सतरापर्यंत मी मोजलं, पुढे मोजायचाही कंटाळा आला. स्वयंपाकघराच्या दारात आकडा ठोकून त्याला त्यांनी वजनाचा काटा टांगला होता आणि येता-जाता तो माझ्याच डोक्याला लागायचा.

हे काचसामानाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं पॅकिंग खात्यात होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली त्यांना पॅकिंगमास्तर म्हणते आणि ह्यांना ते आवडतं. आपण बांधलेल्या खोक्यातला एकही पेला जगाच्या पाठीवर कुठे फुटला नाही, असं ते छाती फुगवून सांगतात. फुटलेला पेला परत पाठवायला कोण रिकामं बसलंय, असं मी विचारते. मग जेवणापर्यंत आमचं बोलणं बंद.

तर जायचं होतं मला, एकटीला, लेकीकडे. लेक हवामान खात्यात आहे, परदेशात, एका डोंगरावरच्या केंद्रावर. आधी शिक्षण, मग ही नोकरी, असं करत तीन वर्षं आम्ही तिचं तोंड फोनवरच बघत होतो. केंद्रावर दोघीच मुली. दर तीन तासांनी वाऱ्याची, पावसाची, तापमानाची नोंद करायची, त्यामुळे एकीलाही खाली उतरता येत नव्हतं. भेटायचं तर मीच वर जायला हवं होतं.

आणि तो देश म्हणजे एका देशात तीन देश. विमान उतरतं समुद्रकाठी, तिथे उभ्याउभ्या घामाने भिजायचं. मग दीड दिवस आगगाडीने वाळवंटातून; दुपारी भट्टी आणि पहाटे दातावर दात वाजतात. पुढे डोंगर. शेवटच्या गावापर्यंत गाडी जाते, तिथून वर चार तासांची पायवाट. सामान खेचरावरून, माणसं पायी.

ह्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी एक भरलेलं खोकं पायावर पडलं, तेव्हापासून त्यांचा डावा पाय बोटभर आखूड आहे. चालताना सगळा भार बाहेरच्या कडेवर पडतो. "तू जा, तयारीचं मी बघतो," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले आणि आकडा ठोकायला हातोडी शोधू लागले. वाईट वाटलं असणार, पण बोलून दाखवणाऱ्यांतले हे नाहीत. ते काम मी करते, दोघांच्याही वाटचं.

मी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मुकादम आहे. सकाळी सहा ते दुपारी दोन, सगळं काम उभ्याने. त्यात अकरा वर्षांचा मधुमेह. वर जायची परवानगी देणाऱ्या कार्यालयाला डॉक्टरांचा दाखला लागत होता, म्हणून आमच्याच रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील, पण बोलतात त्या माझ्या सासूसारख्या.

"साखरेचं मी बघते, पायांचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्यांच्या पायाला फोड आला तर इथे ते आठ दिवसांचं दुखणं आहे. तिथे वर कोण बघणार? चांगले जाड तळाचे बूट आत्ताच घ्या. अडीच महिने आहेत, रोज तासभर ते घालून चाला. निघायच्या पंधरा दिवस आधी बूट घालूनच या, रुग्णालयाच्या आवारात दोन तास चाला, मग मी पाय बघीन. एक लाल डाग दिसला तरी सही करणार नाही."

"आणि नाही केलीत तर?"

"तर इथेच बसून लेकीला फोन करायचा, मावशी."

बूट घ्यायला हेही आले. आमच्या दोघांच्या पायांचं माप एकच आहे. त्यांचे पाय लहान की माझे मोठे, हा वाद पस्तीस वर्षं चालू आहे. घरातल्या सपातांचीसुद्धा अदलाबदल होते. डावीची बाहेरची कड झिजलेली असली की त्यांच्या, एवढीच खूण. दुकानात त्यांनी माझ्याआधी स्वतः बूट घालून पाहिले, दोनदा उडी मारली आणि "हे घे" म्हणाले. बूट बायकांचे, लालसर तपकिरी, नाड्या मात्र चांगल्या ठसठशीत जांभळ्या. दुसऱ्या नाड्या नव्हत्या.

घरी ह्यांची तयारी म्हणजे कारखानाच चालू झाला. लेकीला फोन करून करून त्यांनी प्रत्येक मुक्कामाचं दिवसाचं न् पहाटेचं तापमान लिहून घेतलं. मग तीन गठ्ठे ठरवले. आधी लागणारं वर, शेवटी लागणारं तळाला. पहिल्या गठ्ठ्यात समुद्राचे सुती कपडे, दुसऱ्यात वाळवंटासाठी अंगभर झगे, डोक्याला फडकं, ओठांचं मलम. तिसऱ्यात लोकरीचं सगळं. औषधं दोन भागांत, अर्धी बॅगेत न् अर्धी खांद्यावरच्या पिशवीत, कारण बॅग हरवली तर साखर थांबून राहत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या चार प्रती, पासपोर्टच्या चार. "डोंगराच्या पायथ्याच्या गावात दोन रात्री थांबायचंच," ते मला दरडावायचे. "विरळ हवेची सवय व्हायला हवी. लेकीच्या ओढीने धावत सुटू नकोस." मी होय होय म्हणायचे आणि भाजी चिरायचे.

चालायचं माझ्याकडे होतं. आणि इथे मी खोटेपणा केला, तो आता सांगून टाकते. दोन वाजता घरी आले की पाय लाकडासारखे झालेले असायचे. संध्याकाळी घरातल्या चपला घालून, बूट पिशवीत टाकून निघायचे, वळणावरच्या बाकापर्यंत जायचे आणि बसायचे. तासाभराने परतायचे. "चार फेऱ्या झाल्या," मी सांगायचे. "छान," हे म्हणायचे. थकवा हे निमित्त होतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मी आयुष्यात एकटीने एक रात्रसुद्धा परक्या गावात काढली नव्हती. बूट तयार झाले नाहीत तर जाणं आपोआप टळेल आणि दोष बुटांवर जाईल, असं आत कुठेतरी मला वाटत होतं. दोनदा तर मी भांडणात म्हणूनही टाकलं होतं, "नाही जायचं मला कुठे, रद्द करा सगळं."

महिन्याभरात बूट मात्र नरम पडायला लागले. चामड्याला सुरकुत्या आल्या. मला वाटलं, चांगल्या जातीचं चामडं पिशवीतल्या पिशवीतसुद्धा मऊ होत असेल. त्याच सुमारास दुपारी घरी आले की गरम पाण्याची रबरी पिशवी ह्यांच्या अंथरुणात सापडायची, अजून कोमट. "कामधंदा नाही, भरदुपारी शेकत पडायचं," असं मी ऐकवायचे. हे हसून पिशवी रिकामी करायचे.

पंधरा दिवस उरले तेव्हा आम्ही दोघं रुग्णालयात गेलो. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खिडकीखालून चालायचं असल्यामुळे लबाडीला जागाच नव्हती. अर्ध्या तासात माझ्या डाव्या पायाची करंगळी बोलायला लागली. तासाने ती ओरडायला लागली. मी दात-ओठ खाऊन दोन तास पुरे केले आणि हसत आत गेले.

डॉक्टरीणबाईंनी मोजा काढला. करंगळीपासून टाचेपर्यंत बाहेरची कड लालबुंद, फोड यायच्या बेतात. त्यांनी पाय खाली ठेवला, दोन्ही बूट उचलून उलटे केले आणि बराच वेळ बघत राहिल्या. डावी टाच बाहेरून तिरकी झिजली होती, उजवी सरळ.

"मावशी, तुम्ही लंगडत नाही," त्या म्हणाल्या. "मग ह्या बुटाला लंगडायला शिकवलं कोणी?"

मी मागे वळून पाहिलं. हे दारात उभे होते, नेहमीसारखे, सगळा भार डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर टाकून. त्यांनी नजर खाली घातली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तीन दिवस हे बूट घालायचे नाहीत. निघायच्या दोन दिवस आधी परत या. त्या दिवशी डाग दिसला, तर मग माझ्याकडे हट्ट धरायचा नाही."

घरी आल्याबरोबर मी तोंड सोडलं. माझ्या बुटांची वाट लावलीत, तीन वर्षांनी लेक भेटणार होती तेही घालवलंत, तुम्हाला यायला मिळत नाही म्हणून मलाही अडकवून ठेवायचंय. जे बोलू नये तेही बोलले. हे ऐकून घेत होते. मी दम खायला थांबले, तेव्हा त्यांनी बूट जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्रावर उलटे ठेवले.

"पहिल्या आठवड्यानंतर मी तळ बघितला होता," ते म्हणाले. "कोरा होता. दुकानाची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती."

मी खुर्चीवर बसले.

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, रद्द करा. दोनदा म्हणून झालं होतं. तिसऱ्यांदा म्हणालीस की तू करतेस, मला माहीत आहे. म्हटलं माप एकच आहे, मीच चालून मऊ करून ठेवतो. पाय आपला वाकडा आहे, हे लक्षातच राहिलं नाही बघ."

माझी मान वर होईना. रोज सकाळी मी कामावर गेले की हा माणूस जांभळ्या नाड्या बांधून बाहेर पडत होता. ज्या पायाने बाजारातून येताना तीनदा थांबावं लागतं, त्या पायाने. आणि मी वर त्याला शेकण्यावरून बोलत होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत, त्यामुळे ह्यांनाही काय करावं ते कळेना. ते उठले आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी बूट घेऊन आम्ही बसथांब्याजवळच्या बूट दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बुटात हात घालून आतून चाचपलं. "हे दोघांनी घातलेत," ते म्हणाले. "एकाने भरपूर, एकाने नावाला." मी दुसरीकडे बघत राहिले. त्यांनी डावी टाच काढून नवी बसवली, आतला तळ बदलला आणि बुटात लाकडी साचा ठोकून ते तीन दिवस ठेवून घेतले. देताना म्हणाले, "माझ्याकडून होण्यासारखं झालं. आता उरलेलं तुमच्या पायांचं काम. थोडं थोडं चाला, आणि रोज चाला."

मी चालले. पहिल्या दिवशी पाव तास, मग अर्धा, मग पाऊण, मग तास. कामावरून आल्यावर, थकलेली असले तरी. हेही माझ्याबरोबर निघायचे, सपाता घालून. इतकी वर्षं मी त्यांच्या पुढे चार पावलं चालायचे आणि मागे वळून "या ना लवकर" म्हणायचे. त्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या बरोबरीने चालले आणि कळलं की ते अख्खा रस्ता बोलत असतात. कुठली फरशी हलते, कुठल्या घराचा कुत्रा चावरा आहे, सगळं त्यांना पाठ होतं.

चढावरच्या फळवाल्याने आम्हाला थांबवलं. "मास्तर, आज बाईंचे बूट बाईंनाच दिलेत?" तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. मग मला म्हणाला, "काकू, दीड महिना रोज चढ चढायचे हे. पोरं जांभळ्या नाड्यांवरून चिडवायची. हे म्हणायचे, बायको डोंगरावर जाणार आहे, तिच्या बुटांना चढ दाखवून आणतोय."

म्हणजे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, एक मी सोडून. पॅकिंगमास्तर हा मान जपणारा माणूस. सदऱ्याचं बटण तुटलं तर कचरा टाकायलासुद्धा बाहेर पडत नाही. तो दीड महिना ह्या नाड्या मिरवत फिरला. मला तिथेच रस्त्यात रडू आलं. फळवाल्याला वाटलं त्याचं काहीतरी चुकलं, त्याने दोन मोसंबी पिशवीत घातली.

रोज संध्याकाळी हे माझ्यासमोर पाटावर बसायचे, चष्मा लावायचे, विजेरी पेटवायचे आणि माझे पाय बघायचे. आधी डावा, मग उजवा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. काचेच्या पेल्याला तडा शोधताना बघत असतील तसे. "पाय दाखव," म्हणायचे. आधी मला लाज वाटायची. नंतर मीच येऊन पाय पुढे करून बसायला लागले.

निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा खिडकीखालून दोन तास चालले. करंगळी गप्प होती. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाय उजेडात फिरवून फिरवून पाहिले, दाबून पाहिले. मग खिशातून पेन काढलं. सही करताना म्हणाल्या, "ह्या वेळी चाललं कोण?"

"मीच," मी म्हटलं. "पण रस्ता ह्यांनी दाखवला."

शेवटच्या दिवशी पुन्हा आमचं वाजलं. बॅग तीनशे ग्रॅमने जास्त भरत होती, म्हणून ह्यांनी माझा मोठा टॉवेल बाहेर काढला. मला त्या टॉवेलशिवाय चालत नाही. मी आत घातला, त्यांनी बाहेर काढला, मी आत, ते बाहेर. "तळाला ते चौथं पुडकं कसलं आहे? ते काढा," मी म्हटलं. कागदात गुंडाळलेलं, चारही बाजूंनी चिकटपट्टी, वर लाल पेन्सिलीने लिहिलेलं: "वर पोचल्यावर. आधी बूट काढून मग उघडणे."

"ते निघणार नाही," हे म्हणाले. कारखान्यात माणसं त्यांच्या ह्या आवाजाला भीत असणार. टॉवेल घरी राहिला.

प्रवासाचं काय सांगू? भीती वाटली, नाही असं नाही. पण प्रत्येक ठिकाणी बॅग उघडली की त्या जागेला हवं ते वरच असायचं. समुद्रकाठी सुती कपडे. वाळू खिडकीतून आत यायला लागली तेव्हा फडकं हाताशी. डोंगराच्या पायथ्याशी माझं डोकं जड झालं, तर लोकरीच्या टोपीत चिठ्ठी: "दोन रात्री. धावायचं नाही." मी दोन रात्री थांबले. परक्या देशात, एकटी बाई, आणि दर मुक्कामाला नवरा आपला ओरडतोय. इतकं बरं मला घरीही कधी वाटलं नव्हतं.

चार तासांची वाट मी साडेपाच तासांत चढले. लेक केंद्राच्या दारात उभी होती, केस वाऱ्याने तोंडावर आलेले, वाळलेली, उन्हाने काळवंडलेली. आम्ही काय बोललो ते आठवत नाही. बोललो नसूच.

आत तिने मला खुर्चीवर बसवलं, नाड्या सोडल्या, बूट काढले. पायावर एक डाग नव्हता. पण दोन्ही पाय सुजून ठणकत होते आणि फरशी बर्फासारखी. टेकवले की कळ मस्तकात जायची. लेकीच्या चपला पाहिल्या, त्यात माझी बोटंही मावेनात. तेव्हा मला ते पुडकं आठवलं.

लेकीने पट्टी कापली. आत ह्यांच्या घरातल्या जुन्या सपाता होत्या. मऊ, पसरट, डावीची बाहेरची कड झिजलेली. एकीत चिठ्ठी: "चढ चढून आल्यावर बूट काढले की पायांना दुसरं काही सोसत नाही. दीड महिन्याचा अनुभव आहे. डावी जरा तिरकी आहे, सांभाळून."

लेकीने डावी सपात हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला. "बाबा," एवढंच म्हणाली आणि ती सपात छातीशी धरून तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तीन वर्षांचं रडू होतं, मी तिला थांबवलं नाही.

मग तिने फोन लावला. पडद्यावर हे दिसले, स्वयंपाकघराच्या दारात, डोक्यामागे तो आकडा.

"तुमच्या सपाता तर इथे आहेत," मी म्हटलं. "तुमच्या पायांत काय आहे?"

"तुझ्या," ते म्हणाले. "माप एकच आहे ना."

मला खूप बोलायचं होतं. तुमच्यामुळे पोचले, तुमच्या पायांनी पोचले, एवढं तुम्ही माझ्यासाठी केलंत आणि मी तुम्हाला काय काय बोलले. त्यातलं निम्मं बोलले, निम्मं राहूनच गेलं.

"ते राहू दे," ते मध्येच म्हणाले. "पाय दाखव."

लेकीने फोन खाली धरला. ह्यांनी चष्मा लावला आणि पाय बघू लागले, आधी डावा, मग उजवा.